लाकडी फरशीवरचा पांढरा डाग कोणाचा?

आज आपण लाकडी फरशीबद्दल बोलणार आहोत. "आमच्या घरी धड कोटा नाही, अन् ह्या बाया लाकडाची फरशी सांगायले निघाल्या," असं कोणी म्हणेल. खरं आहे. आमच्या बचत गटातल्या एकीच्याही घरी लाकडी फरशी नाही. पण गटातल्या बऱ्याच जणी धरमपेठ, रामदासपेठ, वर्धा रोडकडच्या घरांत कामाला जातात. तिथे बेडरूममध्ये, व्यायामाच्या खोलीत, नाचाच्या क्लासमध्ये नवीन लाकडी फरश्या येत आहेत. त्या पुसायच्या कोणी? आपण. आणि चार-दोन आठवड्यांत पॉलिश बिघडलं की पहिलं बोट कोणाकडे जातं? तेही आपल्याचकडे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या पगारातून दीड हजार रुपये कापले गेले. नवीन फरशीवर ढगासारखे पांढरे डाग उठले होते आणि "तू ओला पोछा मारलास" एवढं सांगून विषय संपवला गेला. ताईंनी गटाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा आम्ही लकडगंजात काम करणाऱ्या एका जुन्या सुतार मिस्त्रींना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "दिवाणाखाली डाग आहेत का?" दुसऱ्या दिवशी ताईंनी वाकून बघितलं. दिवाणाखाली, जिथे पोछ्याची काठी पोचतच नाही, तिथेही तसेच डाग होते. काकूंना ते दाखवलं. मग पॉलिशवाल्याला फोन गेला, आणि ताईंचे पैसे पुढच्या पगारात परत आले.

तेव्हापासून आम्ही या विषयाचा जरा पाठपुरावा केला, कारण डाग कुठून आला हे फरशी स्वतःच सांगत असते. फक्त ते वाचता यायला हवं.

सगळ्यात आधी, समोर आहे ते खरंच लाकूड आहे का ते बघा. बाजारात ज्याला सरसकट 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात त्यात तीन वेगळ्या वस्तू येतात. एक अख्ख्या लाकडाची फळी. दुसरी, खाली प्लायसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ पत्रा असलेली. तिसरी लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र आणि वर कडक पारदर्शक थर. लॅमिनेटची ओळख सोपी आहे. लाकडातली एकच गाठ, तीच रेघ चार-पाच फळ्यांनंतर हुबेहूब परत दिसली, की ते छापील समजा. त्याला पॉलिश नसतंच, त्यामुळे पॉलिश बिघडण्याचा प्रश्न नाही. तिथे पाणी सांध्यातून आत गेलं की कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत. हा दोष बहुतेक वेळा पाण्याचाच असतो, हे मान्य करावं लागेल. आजचं बोलणं मात्र खऱ्या लाकडाबद्दल आहे.

लाकूड म्हटलं की आपल्याकडे सागवान. बल्लारशा, आलापल्लीचा साग सगळीकडे नावाजलेला. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरहून नेलेलं सागवान वापरलं आहे आणि अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांना चंद्रपूर जिल्ह्यातलं. आपली छाती फुगावी अशीच गोष्ट आहे ती. पण ज्या गुणामुळे साग पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, तोच गुण पॉलिशवाल्याच्या आड येतो. सागात मुळातच तेल असतं. घासाई केल्यावर हे तेल हळूहळू वर येतं. पॉलिश लावण्याआधी ताज्या घासलेल्या फळीवरून थिनरचं फडकं फिरवून ते पुसून काढलं नाही, तर वरचा थर नीट धरत नाही किंवा दिवसेंदिवस चिकट राहतो. तेव्हा "एवढं महागाचं सागवान आहे, पॉलिश कसं जाईल" हा युक्तिवाद उलटा आहे. महागाच्या लाकडाला तयारी जास्त लागते.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला जातो आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. दोन महिन्यांनी, ऑगस्टात, गाद्यासुद्धा दमट लागतात. लाकूड मेलं तरी श्वास घेणं सोडत नाही, असं मिस्त्री म्हणतात ते याच अर्थाने. कोरड्या हवेत फळी आडवी आकसते, दमट हवेत फुगते. मे महिन्यात घट्ट बसवलेली फरशी भिंतीकडेला बोटभर जागा सोडली नसेल तर पावसाळ्यात फुगून वर उचलली जाते. भर पावसात बसवलेल्या फरशीत पुढच्या उन्हाळ्यात फटी पडतात. ही बोटभर जागा स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकलेली असते, म्हणून ती सोडली की नाही हे नंतर दिसत नाही.

आणि आपला कूलर! बाहेरगावच्या पॉलिशवाल्याला हा हिशेब कळत नाही. ओल्या वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या ताट्यांतून आलेली हवा गार असते तशीच ओलीही असते. पॉलिश सुकत असताना "लवकर सुकू दे" म्हणून कूलर लावला, तर ओलावाच फुंकला जातो. फरशी जुनी झाल्यावरही कूलरच्या झोतासमोरच्या दहा-बारा फळ्या फुगलेल्या आणि बाकीच्या सपाट असं दृश्य आम्ही पाहिलं आहे. तिथे पुसणारीचा संबंध येत नाही.

आता पॉलिशबद्दल. 'पॉलिश' या एका शब्दात निदान चार जिन्नस लपलेले आहेत. सगळ्यात जुनं म्हणजे चपडा पॉलिश, लाखेचं. ही लाख म्हणजे पळसा-कुसुमाच्या झाडांवर एका बारीक किड्याने तयार केलेली राळ. आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला तिचं उत्पादन घेतात. ती स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने चोळतात. रंग सुंदर येतो, पण पाणी सांडलं आणि तसंच राहिलं की पांढरं वर्तुळ उठतं. हे खुर्ची-टेबलाचं पॉलिश आहे, पायाखालचं नव्हे. दुसरं जवसाचं तेल. जवस तर विदर्भाचं जुनं पीक. कच्चं तेल लावलं तर सुकायला आठवडेही लागतात. म्हणून लाकडाच्या कामाला लवकर सुकणारं, 'उकळलेलं' म्हणून विकलं जाणारं तेल घेतात. तिसरं मेलामाइन. कपाटं-दरवाजांवर ते छान दिसतं, पण त्याचा थर काचेसारखा कडक आणि ठिसूळ. फळी हलली, खुर्ची ओढली की त्याला बारीक तडे जातात. चौथं पॉलियुरेथेन, ज्याला सगळे नुसतं 'पीयू' म्हणतात. फरशीला हेच चालतं. त्यातही एका डब्याचं आणि दोन डब्यांचं असे प्रकार आहेत. दोन डब्यांच्या प्रकारात मूळ पॉलिश आणि हार्डनर ठरलेल्या मापाने मिसळावं लागतं. फरशीला मेलामाइन लावून बिल पीयूचं केलं, असेही प्रकार घडतात. म्हणून रिकामे डबे फेकायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवायला घरमालकिणीला सांगा. त्यात तिचंच भलं आहे.

आता खोडी कशा ओळखायच्या ते पाहू. पांढऱ्या डागापासून सुरुवात करू, कारण भांडणं त्याच्यावरूनच होतात.

पांढरटपणा तीन जागी असू शकतो: थराच्या वर, थराच्या आत आणि थराच्या खाली. वर असेल तर तो बहुतेक फिनाइलचा किंवा साबणाचा साका असतो. स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं काळं फडकं तिथे चार वेळा चोळा. फडक्यावर पांढरं आलं आणि डाग फिका झाला, तर ती पुसण्याची बाब आहे आणि पुसूनच जाईल. थराच्या आतला पांढरटपणा असा जात नाही, नखालाही लागत नाही. तो कसा येतो? चपडा किंवा थिनरची पॉलिशं सुकताना स्पिरिट, थिनर झपाट्याने उडून जातं. उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर दव पडल्यासारखं बसतं. ते आतच अडकतं. थंड स्टीलच्या पेल्यावर थेंब जमलेले आपण रोज पाहतो. तसंच हे. असा पांढरटपणा खोलीभर सारखा, ढगाळ असतो आणि दिवाणाखालीही असतो. आमच्या ताईंच्या प्रकरणात हेच झालं होतं. फरशी जुलैमध्ये झाली होती, खिडक्या पावसामुळे बंद होत्या. त्यावर उपाय म्हणजे हवा कोरडी होईपर्यंत थांबणं, मग तो थर घासून पुन्हा लावणं. घाईने त्याच्यावरच आणखी एक हात मारला तर ओलावा कायमचा कोंडला जातो.

थराच्या खालचा पांढरटपणा किंवा काळपटपणा जमिनीतल्या ओलीमुळे येतो. तो बाहेरच्या भिंतीच्या कडेला, न्हाणीघराच्या भिंतीलगत जास्त दिसतो. नवीन कोबा वरून खडखडीत दिसला तरी आतून कित्येक महिने ओला असतो. याची एक फुकट चाचणी आहे. फळ्या बसवण्याआधी कोब्यावर दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्यायची. प्लास्टिकच्या आतून थेंब जमले किंवा खालचा कोबा काळा पडला, तर फळ्या बसवू नयेत. एवढं केलं तर अर्धे वाद होणारच नाहीत. पण गृहप्रवेशाचा मुहूर्त कोब्यासाठी थांबत नाही ना!

आणि खऱ्या पोछ्याच्या पाण्याचा डाग? तो दाराजवळ, बादली ठेवायच्या जागी, येण्या-जाण्याच्या वाटेवर असतो, आणि फळ्यांच्या सांध्यांवरून रेघेसारखा धावतो. कारण पाणी सांध्यातून आत शिरतं. फर्निचरखाली तो नसतो. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं.

चिकटपणा. महिनाभर झाला तरी पाय चिकटतात, धूळ बसून राहते. यात पुसणारीला कोणी दोष देत नाही, पण "नीट पुसत नाहीस म्हणून कळकट दिसते" असं ऐकावं लागतं. कारणं अशी: हार्डनरचं माप चुकलं, किंवा सागाचं तेल पुसलं नव्हतं, किंवा एकच जाड हात मारला. जाड थर वरून सुकून साय धरतो आणि खाली ओलाच राहतो, अगदी दुधासारखा. हार्डनर मुळातच पडलं नसेल तर वाट पाहून उपयोग नाही. ते खरवडून काढावंच लागतं.

बुडबुडे म्हणजे वाळलेल्या पॉलिशमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे फोड. डबा ढवळायच्या ऐवजी गदागदा हलवला, रोलर भरभर फिरवला, किंवा खिडकीतून ऊन पडलेल्या गरम फळ्यांवर पॉलिश लावलं की हे होतं. मे महिन्यात दुपारी केलेल्या कामात फोड हमखास सापडतात. वरचा पंखा पूर्ण सोडला तरी साय लवकर धरते आणि आतली हवा कोंडते. फोड पोछ्याने येऊ शकत नाहीत, कोणत्याच परिस्थितीत नाही.

खरखरीतपणा हा धुळीचा. नागपुरात बांधकाम नाही अशी गल्ली दाखवा! शेजारी सिमेंट कालवत असताना पॉलिश केलं की हाताला बारीक रवा लागतो. हा दोष किरकोळ आहे. बारीक कागदाने हलकं घासून शेवटचा हात पुन्हा दिला की जातो.

मोबाईलची टॉर्च जमिनीलगत आडवी धरून बघा. गोल-गोल जिलबीसारखे ओरखडे दिसले, तर ते घासाईच्या मशीनचे आहेत. ते पॉलिशच्या खाली असतात, म्हणून वरून हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. वरच्या ओरखड्यात मात्र नख अडकतं. "तू खराट्याने झाडलंस" असं कोणी म्हणालं तर हा फरक दाखवता आला पाहिजे.

पापुद्रे निघणं म्हणजे दोन थरांनी एकमेकांना धरलेलं नाही. पहिला हात सुकल्यावर त्याला बारीक कागदाने घासून थोडा खडबडीत करावा लागतो. गुळगुळीत काचेवर रंग बसत नाही, तसंच हे. शिवाय चकाकीसाठी मारलेला फर्निचरचा स्प्रे, मेण, खोबरेल तेल यांच्यावर नवीन पॉलिश फाटल्यासारखं होतं, मध्येमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून एक विनंती: लाकडी फरशीला तेल चोळून चमकवायचा घरगुती उपाय करू नका. त्या दिवशी शाबासकी मिळते, पण पुढचं पॉलिश त्या जागी धरत नाही.

आता फळीचा आकार. पावसाळ्यात फळीच्या कडा वर येतात आणि मध्य खाली जातो, पन्हळीसारखा. याचा अर्थ फळी खालून जास्त ओली आणि वरून कोरडी आहे. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती घाईची. घरमालक चिडतो, मिस्त्री मशीन आणून वर आलेल्या कडा घासून सपाट करतो, पैसे घेऊन जातो. हिवाळ्यात खालचा ओलावा सुकतो, फळी मूळ जागी बसते, आणि कडा तर घासून गेलेल्या! मग मध्य वर येतो, कासवाच्या पाठीसारखा. आता पुन्हा घासा, आणि दर खेपेला लाकूड झिजणार. आधी ओल कुठून येते ते शोधायचं, ती बंद करायची, आणि दोन-तीन महिने नुसतं थांबायचं. बरीचशी फळी आपोआप बसते. न थांबणाऱ्या माणसाचा खर्च दुप्पट होतो असं आमचं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं दुसऱ्यांचं सांगितलं. पुसणाऱ्या हाताने जे खरोखर बिघडतं, तेही सांगायला हवं. फिनाइल आणि फरशी धुवायचं ॲसिड लाकडाला लावायचं नाही, एक थेंबही नाही. सोडा, लिंबू, व्हिनेगर हेही नको. पोछा इतका पिळायचा की मागे राहिलेली ओल मिनिटभरात उडून गेली पाहिजे. बादली लाकडावर ठेवायची नाही. रबरी तळाचं पायपुसणं नव्या पॉलिशवर पिवळा डाग सोडतं, तो जात नाही. दिवाळीत रांगोळी थेट लाकडावर काढली तर ती पायाखाली पॉलिशपेपरचं काम करते, म्हणून पाटावर काढा. आणि नवी फरशी असेल तर पहिला महिनाभर ओलं पुसणं बंदच. पॉलिश चोवीस तासांत चालण्याएवढं सुकतं, पण आतून पूर्ण पक्कं व्हायला पीयूला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर कोरडं मऊ फडकं पुरे. चटई-गालिचाही घालू नये. साग उजेडाने रंग बदलतो आणि झाकलेला चौकोन वेगळाच उठून दिसतो.

म्हणून आमच्या गटात आता असं ठरलं आहे: ज्या घरी नवी लाकडी फरशी झाली, तिथे पहिल्याच दिवशी ताई दोन गोष्टी विचारतात. "काकू, पॉलिशचा शेवटचा हात कोणत्या तारखेला मारला? आणि पुसायचं कशाने, ते पॉलिशवाल्याने काय सांगितलंय?" पॉलिशवाल्याने सांगितलेलं व्हॉट्सॲपवर मागून घ्यायचं. आणि काम सुरू करण्याआधी, काकूंना विचारून, खोलीच्या चार कोपऱ्यांचे आणि दिवाणाखालचे फोटो. काही घरी याचा राग येतो. येऊ द्या. बहुतेक काकूंना उलट बरं वाटतं, कारण हेच फोटो त्यांना पॉलिशवाल्याशी बोलताना उपयोगी पडतात.

त्यांनाही सांगा की पुसणाऱ्या बाईचे पैसे कापून फरशी दुरुस्त होत नाही. बिल घेतलं असेल आणि ठेकेदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि काम पाच लाखांपर्यंतचं असेल तर तिथे फी लागत नाही. घरकाम करणाऱ्या मैत्रिणींसाठी २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आहे. त्याखाली नोंदणी करून ओळखपत्र घ्या. त्याने पगारातली कपात आपोआप थांबत नाही, पण आपण कोण आहोत याचा कागद हातात असतो.

शेवटचं सांगायचं ते आमच्यातल्या ज्या दोघी-तिघी पॉलिशच्या कामालाच मदतनीस म्हणून जाऊ लागल्या आहेत त्यांच्यासाठी. काम हिवाळ्यात धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा कोरडी आणि ऊन मवाळ, तेव्हाचं पॉलिश सगळ्यात चांगलं बसतं. हार्डनरच्या वाफेने दमा उठू शकतो. ओढणी तोंडाला बांधून धूळ थोडी अडते, वाफ अडत नाही. त्यासाठी वाफेचा मास्क ठेकेदाराकडे मागा आणि खिडक्या उघड्या ठेवा. आणि जवसाच्या तेलाची फडकी कामानंतर बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं, बोळ्याच्या आत उष्णता साठत जाते आणि काडी न लावता ते पेटतं. फडकी एकेक सुटी करून बाहेर दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. घरी न्यायच्या पिशवीत तर मुळीच नको.